पैसा जनतेचा, तर करारही जनतेपुढे ठेवा

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार हे जाहीर झालं आणि महाराष्ट्राचं राजकारण तापलं. महिनाभरानं टाटा-एअरबसचा लष्करी विमानांचा प्रकल्प वडोदऱ्याला गेला, तेव्हा त्याची झळ थेट नागपूरला लागली. हा प्रकल्प नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रात आणू, असं सांगितलं गेलं होतं. इंजिनिअरिंगच्या पोरांनी, हिंगणा-बुटीबोरीच्या लघुउद्योजकांनी त्यावर मनात मांडे खाल्ले होते. तो राग खरा होता आणि अजून शमलेला नाही. निवडणूक आली की 'उद्योग कुणी पळवले' हा प्रश्न सभेत हमखास येतो.

या रागाला माझा आक्षेप नाही. तो चुकीच्या जागी नेम धरतो, याला आहे. प्रकल्प कुठल्या राज्यात गेला यावर आपण घसा फोडतो. त्या प्रकल्पाला सरकारी तिजोरीतून किती द्यायचं ठरलं, कुठल्या अटींवर ठरलं आणि कंपनीनं शब्द पाळला नाही तर पैसा परत कसा यायचा, हे मात्र ना सत्ताधारी सांगत, ना विरोधक विचारत. चिपच्या बाबतीत तर हे फारच महागात पडणारं आहे, कारण इथे कारखान्याचा मोठा खर्च मालकापेक्षा जनताच करते.

वेदान्त-फॉक्सकॉनचंच बघा. १ लाख ५४ हजार कोटींचा आकडा, दोन राज्यांमध्ये खडाजंगी, एकमेकांवर गद्दारीचे आरोप. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली आणि तो प्रकल्प गुजरातेतही उभा राहिला नाही. मग सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या मंत्रिमंडळ उपसमितीनं पनवेलजवळ तळोज्याला इस्रायलच्या टॉवर सेमीकंडक्टर आणि अदानी समूहाच्या ८३ हजार ९४७ कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. विधानसभा निवडणूक तोंडावर होती. पुढच्या वर्षी ही बोलणी थांबल्याची बातमी आली. घोषणा पहिल्या पानावर होती, थांबल्याची बातमी आतल्या पानावर. दोन्ही वेळा राज्यानं काय देऊ केलं होतं, याचा पूर्ण मसुदा सामान्य माणसाच्या हाती कधी आला नाही.

आता पैशाचं गणित. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रानं सेमीकंडक्टर मोहिमेसाठी ७६ हजार कोटी रुपये मंजूर केले. चिपचा कारखाना असो की चिपची जुळणी आणि चाचणी करणारा, प्रकल्प खर्चाचा निम्मा भार केंद्र उचलतं. त्यावर राज्यांची भर. गुजरातच्या २०२२ च्या धोरणानं ती साधारण आणखी २० टक्के केली. अमेरिकेच्या मायक्रॉन कंपनीचा साणंदचा प्रकल्प २७५ कोटी डॉलरचा. त्यात मायक्रॉनचे स्वतःचे जास्तीत जास्त ८२.५ कोटी. उरलेले सुमारे १९० कोटी डॉलर केंद्र आणि गुजरातचे. रुपयात सत्तर पैसे आपले. या प्रकल्पातून ५ हजार थेट नोकऱ्या मिळतील असं कंपनीनं म्हटलं होतं. तेव्हाच्या डॉलरच्या भावानं हिशेब मांडला तर एका थेट नोकरीमागे सरकारचे तीन कोटींहून जास्त पडतात. आणि तिथे चिप घडत नाही, बाहेरून आलेल्या चिपांची जुळणी, चाचणी आणि बांधणी होते.

याच मायक्रॉनला अमेरिकेच्या केंद्र सरकारनं सहाशे कोटी डॉलरच्या वर अनुदान ठरवलं, आणि तिच्या कारखान्यासाठी न्यूयॉर्क राज्यानं आणखी साडेपाचशे कोटी डॉलरपर्यंतची सवलत देऊ केली. म्हणजे वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, दिल्ली आणि गांधीनगर ही चारही दारं एकाच कंपनीला उघडी होती. मी कंपनीला दोष देत नाही. समोरचे एकमेकांशी चढाओढ करत असतील तर कुठलाही धंदेवाला तेच करेल. दोष चढाओढ लावणाऱ्यांचा आहे.

ही चढाओढ आजची नाही. इंटेल आणि एएमडी या दोन कंपन्यांचं वैर संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाला ऐकून माहीत असतं. इंटेल थोरली, एएमडी कायम पिछाडीवर. इंटेलशी बरोबरी करायची तर कारखाने हवेत आणि कारखान्यांना पैसा हवा, म्हणून एएमडीनं सरकारांची मदत घेतली. नव्वदच्या दशकात तिनं जर्मनीत ड्रेस्डेनला कारखाना घातला, तो तिथल्या सरकारच्या अनुदानावर. २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं तिला शंभर कोटी डॉलरच्या वर मदत देऊ केली. तीनच वर्षांत, २००९ मध्ये, एएमडीनं आपले कारखानेच वेगळे काढले. अबुधाबीच्या सरकारी पैशानं ग्लोबलफाउंड्रीज ही नवी कंपनी झाली. न्यूयॉर्कचा कारखाना पुढे उभा राहिला आणि आजही चालतो, हे खरं. पण राज्यानं सौदा एकाशी केला आणि कारखाना दुसऱ्यानं चालवला.

त्याच २००६ च्या सुमारास याच एएमडीचं तंत्रज्ञान हैदराबादलाही येणार होतं. सेमइंडिया नावाची कंपनी, 'फॅब सिटी', तीनशे कोटी डॉलरचा बेत, समारंभ, भाषणं. तो चिप कारखाना झालाच नाही. मग २०१३ मध्ये केंद्रानं आणखी दोन प्रकल्पांना तत्त्वतः मंजुरी दिली. तेही कागदावरच विरले. त्याआधी मोहालीला सरकारनं स्वतः उभारलेला कारखाना १९८९ च्या आगीत जळाला आणि आपण तेव्हा जगाच्या फार मागे नव्हतो ते पार मागे पडलो. इतका इतिहास पाठीशी असताना दर नव्या घोषणेला आपण ती पहिलीच असल्यासारखं डोक्यावर घेतो.

मी अनुदानाच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. २०२१ मध्ये चिप मिळेनात म्हणून चाकण-नाशिकच्या गाड्यांच्या कारखान्यांना उत्पादन कमी करावं लागलं होतं. पंपापासून क्षेपणास्त्रापर्यंत सगळ्यात चिप आहे आणि ती सगळी बाहेरून आणणारा देश कुणाच्याही दबावाखाली येऊ शकतो. चीननं २०१४ पासून तीन टप्प्यांत या उद्योगात प्रचंड सरकारी भांडवल ओतलंय. अमेरिकेनं २०२२ च्या कायद्यानं ५,२७० कोटी डॉलर बाजूला काढले. अशा जगात आम्ही एक पैही देणार नाही म्हटलं तर इथे कुणी येणार नाही. पैसा द्यावाच लागेल. कसा द्यायचा, हाच खरा राजकीय प्रश्न आहे, आणि त्याची उत्तरं इतरांच्या अनुभवात आहेत.

तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीचं उदाहरण आपल्याकडे उठता-बसता देतात, पण अर्धवट देतात. १९८७ मध्ये ती कंपनी निघाली तेव्हा तैवान सरकारनं नुसतं अनुदान दिलं नव्हतं. जवळपास निम्मं भांडवल घालून शेअर घेतले होते. त्यातले थोडे आजही सरकारी निधीकडे आहेत आणि जगातल्या सर्वांत मोठ्या चिप कंत्राटदाराच्या नफ्यात तिथल्या जनतेचा वाटा आहे. आपण मात्र खर्चाचा निम्माअधिक भार उचलतो आणि जे दिलं ते अनुदान म्हणून सोडून देतो. ७० टक्के पैसा घालणाऱ्या भागीदाराच्या नावावर एकही शेअर नाही, असा व्यवहार नागपूरच्या इतवारी बाजारातला कुठलाही व्यापारी आपल्या सख्ख्या भावाशीही करणार नाही.

अमेरिकेला हे उशिरा सुचलं. ओहायोत इंटेलच्या कारखान्याच्या भूमिपूजनाला सप्टेंबर २०२२ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष बायडेन गेले होते. २०२५ ला सुरू व्हायचा तो कारखाना आता २०३० च्या पुढे ढकललाय. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प सरकारनं इंटेलला द्यायच्या राहिलेल्या अनुदानाच्या बदल्यात कंपनीचा सुमारे १० टक्के हिस्सा घेतला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला ट्रम्प यांनी इंटेलच्या प्रमुखांचा जाहीर राजीनामा मागितला होता. ही पद्धत मला भीतिदायक वाटते. आधी धमकावायचं आणि मग वाटा मागायचा, हे राज्यकर्त्याच्या लहरीवर चालणारं काम झालं. वाटा घ्यायचा तर पहिल्याच दिवशी, नियमानं, सगळ्यांना सारखा घ्यावा.

जर्मनीकडून शिकण्यासारखं जास्त आहे. माग्देबुर्गला इंटेलसाठी जवळपास १ हजार कोटी युरोचं अनुदान ठरलं होतं. इंटेलनं २०२४ मध्ये प्रकल्प पुढे ढकलला, २०२५ मध्ये सोडून दिला. काम झालंच नव्हतं, त्यामुळे तो पैसा जर्मनीकडेच राहिला. आणि ड्रेस्डेनला, जिथे पूर्वी एएमडी होती तिथेच, टीएसएमसीच्या भागीदारीतल्या नव्या कारखान्याला ५०० कोटी युरो द्यायला युरोपीय आयोगानं ऑगस्ट २०२४ मध्ये परवानगी दिली, ती अटींसह. अपेक्षेपेक्षा जास्त नफा झाला तर त्यातला वाटा जर्मन सरकारला द्यायचा, टंचाईच्या काळात युरोपच्या मागण्यांना प्राधान्य द्यायचं. महत्त्वाचं म्हणजे हे सगळं जाहीर आहे; कुणीही वाचू शकतो. युरोपात कुठल्याही देशाला मनाला येईल तसं अनुदान देऊन शेजाऱ्याचा कारखाना ओढता येत नाही, आयोगाची परवानगी लागते. सत्तावीस स्वतंत्र देशांना हा नियम मान्य आहे. एका देशातल्या राज्यांना तो का नसावा?

केंद्र आधीच निम्मा खर्च देतं. म्हणजे साणंदच्या कारखान्यात यवतमाळच्या माणसानं भरलेला करही आहे. त्यावर राज्यांनी एकमेकांवर चढ बोली लावली की देशात एकही जास्तीचा कारखाना येत नाही. आलेला कारखाना फक्त इकडून तिकडे होतो आणि मधला फायदा कंपनीच्या खिशात जातो. जीएसटीसाठी सगळी राज्यं एका टेबलाशी बसली, वाद घालत का होईना पण दर ठरले. तसंच केंद्राचा निम्मा पैसा असलेल्या प्रकल्पात राज्याच्या रोख मदतीला सगळीकडे सारखी कमाल मर्यादा घाला. मग राज्यांना स्पर्धा करायचीच असेल तर ती पाण्यावर, विजेवर, रस्त्यांवर आणि कॉलेजांवर करावी लागेल. कंपनी उद्या निघून गेली तरी या गोष्टी आपल्या जिल्ह्यात राहतात.

आणि इथेच नागपूरची बाजू भक्कम आहे आणि दुबळीही.

चिपच्या कारखान्याला वीज लागते ती क्षणभरही न हलणारी. चिपा जिच्यावर घडतात ती सिलिकॉनची एक तबकडी शेकडो प्रक्रियांमधून जायला दोन-तीन महिने लागतात. मध्ये वीज डळमळली तर आतला माल वाया. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासच्या हिमवादळात सॅमसंगचा ऑस्टिनचा कारखाना बंद पडला, तो पूर्ववत व्हायला महिन्याच्या वर गेला. आमच्याकडे कोराडी आणि खापरखेडा ही कोळशावरची वीजकेंद्रं आहेत. राज्याचे दिवे लावणारी राख आमच्या छातीत जाते. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या राखेचा खसाळ्याचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी आसपासच्या शेतांत, नाल्यांत गेलं. तरी हिंगण्याच्या एमआयडीसीत एखाद्या लहान कारखान्याचं बिल हातात घेऊन बघा. वीज आकार, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क, अशा ओळींखाली ओळी. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ तिथे यंत्रांचे सुटे भाग बनवतात. ते टेबलावर छत्तीसगडमधल्या आपल्या स्पर्धकाचं बिल शेजारी ठेवूनच बोलायला सुरुवात करतात, आणि मग फार बोलावं लागत नाही. २०१६ पासून विदर्भ-मराठवाड्याच्या उद्योगांसाठी वीज सवलतीची योजना आली, तर तिचा मोठा घास विजेची भूक मोठी असलेले मोजके पोलाद कारखाने घेऊन गेले, अशी इथल्या उद्योजकांची तक्रार. अनुदान कुणाला किती गेलं हे दरवर्षी नावानिशी जाहीर होत असतं, तर ही तक्रार करायला इतकी वर्षं लागली नसती.

पाण्याचंही तसंच. तैवानात २०२१ च्या दुष्काळात सरकारनं भातशेतीचं सिंचन थांबवलं आणि चिप कारखाने चालू ठेवले. पेंच धरणाचं पाणी शहर, शेती आणि वीजकेंद्रं यांच्यात कसं ओढाताणीचं आहे, हे पारशिवनी-मौद्याच्या शेतकऱ्याला विचारा. नागपूरनं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याचं काम देशात इतरांच्या आधी करून दाखवलं, ही आपली खरी जमेची बाजू. कारखाना मागताना पाणी कुठून आणि कुणाच्या वाट्याचं, हे त्याच कागदावर असायला हवं.

मिहाननं तर आम्हाला हे सगळं शिकवून ठेवलंय. वर्धा रोडनं खापरी ओलांडली की टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल दिसतात, एम्स दिसतं, विमान दुरुस्तीचं केंद्र आहे, दसॉचा विमानांच्या भागांचा कारखाना आहे. यांतली प्रत्येक गोष्ट मोलाची आहे, कुणी हिणवू नये. पण त्यांच्या अधेमधे कंपन्यांनी वर्षानुवर्षं अडवून ठेवलेले भूखंड आहेत. कुंपण, पुसट झालेली पाटी, कंबरेएवढं गवत. ही जमीन शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुहीच्या लोकांची. त्यांच्याकडून ती घेताना कायदा कडक होता, मुदती कडक होत्या. ज्यांना दिली त्यांना मात्र मुदतीमागून मुदत मिळत गेली. विकसित भूखंडासाठी, मोबदल्यासाठी प्रकल्पग्रस्तांनी किती वर्षं चकरा मारल्या, हे त्या गावांतल्या कुणालाही विचारावं.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यानं २०१७ मध्ये याच फॉक्सकॉनशी करार केला होता. १३ हजार नोकऱ्या, ३०० कोटी डॉलरच्या आसपास सवलती. नोकऱ्या झाल्या नाहीत. पण सवलत नोकऱ्या झाल्यावरच द्यायची असं करारात होतं, म्हणून राज्याचा बहुतेक पैसा वाचला. २०२१ मध्ये नवा करार झाला तो १,४५४ नोकऱ्यांचा. मार बसला तो माउंट प्लेझंट नावाच्या गावाला, कारण त्यानं कर्ज काढून आधीच घरं पाडली होती, रस्ते आणि जलवाहिन्या टाकल्या होत्या. ज्यानं शर्त लिहून घेतली तो वाचला आणि ज्यानं आधीच सगळं देऊन टाकलं तो अडकला. शिवणगावच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

कुणी म्हणेल, एवढ्या अटी घातल्या तर कंपन्या शेजारच्या राज्यात जातील. म्हणूनच अट देशभर एक हवी, आणि ती केंद्राच्या निम्म्या पैशालाच जोडता येते. कुणी म्हणेल, व्यापारी गुपितं उघड होतील. तंत्रज्ञानाचं गुपित खुशाल झाका. जमीन किती, वीज कोणत्या दरानं, पाणी किती, पैसा कोणत्या टप्प्याला आणि नोकऱ्या किती, यात कसलं गुपित? आणखी एक आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: सरकारला शेअर दिले की मंत्र्यांची लुडबुड सुरू होईल, भाचे-पुतणे भरतीला लागतील. ही भीती खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे मताधिकार नसलेला हिस्सा किंवा ड्रेस्डेनसारखं जास्तीच्या नफ्यातलं कलम. त्यात सरकारला संचालक मंडळात खुर्ची लागत नाही.

नागपूरनं यात स्वतःसाठी काय मागावं? ९० हजार कोटींचा कारखाना आमच्याकडेच पाहिजे, हा हट्ट मी धरणार नाही. चिपचा उद्योग म्हणजे फक्त कारखाना नव्हे. चिपचा आराखडा बनवण्याचं काम आहे, आणि जगातले सुमारे २० टक्के आराखडा अभियंते भारतीय आहेत असं सरकारच सांगतं. व्हीएनआयटीत या विषयाचं केंद्र आहे, वारंग्याला ट्रिपल आयटी आहे. तिथून शिकलेली मुलं रविवारी संध्याकाळी ट्रॅव्हल्सनं पुण्याला नाहीतर विमानानं बंगळुरूला जातात आणि परदेशी कंपन्यांच्या चिपा रेखाटतात. त्या चिपेवरची मालकी त्यांची नाही, आपली नाही. आणि ७६ हजार कोटींतून आराखड्याच्या योजनेला मिळाले १ हजार कोटी. आराखडा बनवण्याच्या खर्चासाठी एका अर्जाला जास्तीत जास्त १५ कोटी. चिपची किंमत आराखड्यात असते, हे एएमडीनं कारखाने सोडून आणि नंतर इंटेलला गाठून सिद्ध केलंय. मिहानमधल्या पडीक भूखंडांपैकी दोन-चार काढून घ्या, तिथे आराखड्याची सामायिक सॉफ्टवेअरं आणि चाचणीची यंत्रं सरकारी खर्चानं बसवा, ती वापरून जी कंपनी उभी राहील तिच्यात राज्यानं छोटा वाटा ठेवावा. एका मोठ्या कारखान्याच्या अनुदानाचा हा किरकोळ भाग आहे.

मुख्यमंत्री नागपूरचे, केंद्रातले वजनदार मंत्री नागपूरचे. आपला माणूस आहे, आपल्याला काहीतरी देईल, या आशेवर विदर्भानं बरीच वर्षं काढली. पण विदर्भाला मराठी राज्यात घेण्यासाठी झालेला १९५३ चा नागपूर करार पुढाऱ्यांच्या सह्यांनिशी कागदावर होता, म्हणून तरी सत्तर वर्षं आम्ही कलम दाखवून अनुशेष मागू शकलो. दांडेकर समितीला मोजायला काहीतरी मिळालं, हिवाळी अधिवेशन इथे भरवावं लागलं. लिखित कराराची ताकद या शहराइतकी महाराष्ट्रात कुणालाच ठाऊक नसेल.

तेव्हा डिसेंबरमध्ये सिव्हिल लाइन्सच्या विधानभवनात अधिवेशन भरेल, तेव्हा विदर्भातल्या आमदारांनी, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत, तारांकित प्रश्न टाकावेत. तळोज्याच्या प्रकल्पाला राज्यानं काय काय देऊ केलं होतं? गेल्या दहा वर्षांत प्रोत्साहन योजनेखाली कुठल्या कंपनीला किती रुपये गेले आणि तिनं कबूल केलेल्या नोकऱ्यांपैकी किती दिल्या? मिहानमध्ये मुदत उलटूनही बांधकाम न केलेले भूखंड कुणाचे, आणि ते कोणत्या तारखेपर्यंत परत घेणार? यापुढे १ हजार कोटींवरच्या प्रत्येक मदतीचा करार सही होण्याच्या तीस दिवस आधी विधिमंडळाच्या पटलावर ठेवणार का?